साहेबांच्या टेबलावरचे कपडे

वजनखोलीतल्या त्या माणसाला सगळे ‘तोंडाळ’ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. औषधाच्या कारखान्यात हार्मोनच्या गोळ्यांची पावडर तोलायचं त्याचं काम. पावडर इतकी जहाल की चिमूटभरात पोतंभर गोळ्या व्हायच्या. आणि संरक्षण काय, तर एक कापडी मास्क आणि पेलाभर दूध.

“साधी धूळ आहे. दुधानं सगळं धुऊन निघतं,” असं मॅनेजर तोंड वर करून सांगायचा.

“मग तुम्ही आत का येत नाही? तुमच्या वाटचं दूध संपलं का?” हा विचारायचा. मॅनेजर ऐकून न ऐकल्यासारखं करून वजनखोलीच्या काचेपलीकडूनच सटकायचा.

अशात त्याच्या बायकोची, बंद होऊन वर्षं लोटलेली पाळी पुन्हा सुरू झाली. दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “हार्मोनच्या गोळ्या घेता?”

“मी डोकेदुखीचीसुद्धा घेत नाही.”

“घरात कोणी औषधाच्या कारखान्यात आहे?”

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे कामाचे कपडे रोज तीच झटकून धुवायची. जगाला सुनावणाऱ्या त्या माणसानं त्या दिवशी आपले कपडे स्वतःच धुतले.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर त्यानं कामाचे कपडे बदलून पिशवीत बांधले आणि पिशवी नेऊन मॅनेजरच्या टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“माझे कपडे. आज तुमच्या घरी धुवा. साधी धूळच आहे ना?” असं म्हणत त्यानं गाठीला हात घातला.

मॅनेजर खुर्चीसकट मागे सरकला. “उघडू नकोस. आधी बाहेर ने ते,” म्हणाला, आणि नाकाला रुमाल लावून स्वतःच बाहेर पळाला. दारात सगळी शिफ्ट उभी होती. सगळ्यांच्या लक्षात आलं, म्हणजे या गृहस्थाला सगळं ठाऊक होतं. दूध फक्त आपल्यासाठी होतं.

त्यानंतर वजनखोलीत कोणी पाऊल ठेवलं नाही. काम ठप्प झाल्यावर वरच्यांना अक्कल सुचली. पावडर तोलायला काचेची बंद पेटी आली. हात घालायचे तेही तिलाच जोडलेल्या हातमोज्यांतून. कपडे कारखान्यातच धुतले जाऊ लागले, आणि आंघोळ केल्याशिवाय कोणी घरी जाईना. बायकोचा त्रासही हळूहळू थांबला.

पेटीच्या उद्घाटनाला मॅनेजरनं भाषण ठोकलं, कामगारांच्या तब्येतीची आपल्याला पहिल्यापासून काळजी, वगैरे.

“काय बोलला रे तो मॅनेजर?” बायकोनं घरी विचारलं.

“त्याला कसली लाज,” म्हणत तो जेवायला बसला.