कोकणात नेलेला पाण्याचा कॅन

माझा नवरा चिकलठाण्याच्या एका कंपनीत सेफ्टी कमिटीवर आहे. म्हणजे काय, तर वर्षातनं एकदा भोंगा वाजला की पिवळं जाकीट घालून तो सगळ्यांना गेटबाहेर काढतो. एरवी घरात त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही. पण लेकीला कोकणातल्या कॉलेजात फार्मसीला ॲडमिशन मिळाली, त्या संध्याकाळी हा माणूस कंपनीतनं एक छापील कागद घेऊन आला. वर लिहिलेलं, ‘आपत्कालीन किट’. खाली वस्तूंची ही लांबलचक यादी.

“एकेक टिक करायची,” म्हणाला. “काय राहिलं नाय पाहिजे.”

“पोरगी शिकायला चालली का लढाईला?” मी म्हणलं.

तोंडानं असं म्हणलं, पण मनातनं मला तो कागद लई आवडला. कारण मी पण एकदा हॉस्टेलवर गेले होते, रिकाम्या हातानं.

मी लासूर स्टेशनची. बारावी झाल्यावर नाशिकला नर्सिंगला लागले. आमच्या घरातनं शिकायला गावाबाहेर गेलेली मीच पहिली. एकविसाव्या दिवशी ताप भरला. जवळ एक गोळी नव्हती, थर्मामीटर नव्हता, आणि कुणाला सांगावं ते कळत नव्हतं. एसटीडीवरनं गावातल्या दुकानात फोन लावून वडलांना बोलावून घेतलं आणि नुसती रडत राहिले. ते म्हणाले, “ये बाई, घरी ये.” मायेनंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी न्यायला पण आले. ताप तीन दिवसांत उतरला. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्ष गेलं आणि लग्न ठरलं. नवरा चांगला मिळाला, मुकुंदवाडीत माझं शिलाईचं काम चांगलं चालतं, तक्रार काही नाही. पण दवाखान्यात एखादी सिस्टर ऐटीत चालताना दिसली की अजून मी वळून वळून बघते. म्हणून माझं एकच म्हणणं होतं. पोरगी सुट्टीला यावी, लग्नाकार्याला यावी, घाबरून परत यायला नको.

मग मी कामाला लागले. गुलमंडीच्या बाजारातनं जाडं रेक्झिन आणलं. रंग लेकीनं पसंत केला, जांभळा. दहा कप्प्यांची पिशवी शिवली, दुहेरी टीप मारून. एका कप्प्यात तापाच्या गोळ्या आणि थर्मामीटर, एकात ओआरएसच्या पुड्या, एकात बँडेज, एकात टॉर्च, पॉवर बँक, आधार कार्डाच्या झेरॉक्स. सुई-दोरा आणि सेफ्टी पिना यादीत नव्हत्या, त्या मी घातल्या. ज्या माणसानं ती यादी केली त्याच्या साडीचा काठ भर रस्त्यात कधी उसवला नसणार.

नवऱ्यानं नायलॉनची दोरी आणली, चांगली लांब.

“पप्पा, मी फार्मसीला चालले,” लेक म्हणाली. “विहिरीत उतरायला नाय.”

“यादीत आहे,” तो म्हणाला. विषय संपला.

रविवारी दुपारी त्यानं घरात ड्रिल घेतली. खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि खुर्चीवर बसून घड्याळ हातात धरलं. “लाईट गेली. टॉर्च काढ. चल, चल, चल.” पोरीनं अंधारात हात घातला तर गूळ-शेंगदाण्याची पुडी निघाली. तिनं शांतपणे चार दाणे तोंडात टाकले. दुसऱ्यांदा शिट्टी हाताला लागली. ती तिनं एवढ्या जोरात फुंकली की शेजारच्या ताई पोळ्या टाकता टाकता लाटणं घेऊनच पळत आल्या. त्यांना आधी चोर वाटला, मग नवरा-बायकोचं भांडण वाटलं. खरी गोष्ट कळल्यावर त्या उंबऱ्यातच बसल्या आणि पोट धरून हसल्या. नवरा मात्र कागदावर लिहीत होता, ‘सुधारणा आवश्यक’.

आता माझी चूक सांगते. ती यादीतली नव्हती, माझी स्वतःची होती.

आमच्याकडं नळ आठवड्यातनं एकदा येतो, तेपण त्याच्या मर्जीनं. नळ आला की लग्न असो का मयत, बाईमाणूस आधी मोटार लावतं. लेक चालायला लागली तेव्हापासनं तिला माहीत आहे, प्यायचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं, कपडे खळबळलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासला. अशा घरातली बाई पोरीला परगावी पाठवताना काय देईल? त्यात आमच्याकडं सगळे म्हणतात की नव्या गावचं पाणी बाधतं. घरचं थोडं थोडं मिसळून प्यावं, म्हणजे पोटाला सवय होते. मी पाच लिटरचा कॅन काठोकाठ भरला, झाकणाला प्लास्टिक बांधलं आणि तो मांडीवर घेऊन एसटीत बसले. गाड्या बदलत कोकणात पोचेपर्यंत माझ्या साडीचा पुढचा भाग ओला झाला होता.

हॉस्टेलवर उतरलो तेव्हा पाऊस नुसता ओतत होता. पत्र्यावरनं धारा, अंगणात ओढे, नारळाच्या बुडाशी तळं. रेक्टर मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी सामान तपासलं आणि कॅनवर बोट ठेवलं.

“हे काय?”

“पाणी,” मी म्हणलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग बाहेर पावसाकडं बघितलं. मग परत माझ्याकडं. बिचाऱ्या भल्या होत्या, कॅन आत नेऊ दिला. लेक मात्र लाजून लाल झाली, आणि नवरा खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन हसून आला. परतीच्या गाडीत त्यानं मला तीन वेळा विचारलं की राजस्थानला वाळू कधी पाठवायची.

पुढं महिनाभर बरं चाललं. मग एक दिवस सकाळी फोन आला. आवाज तुटत होता. तिकडं वादळात तारा पडल्या होत्या, तीन दिवस लाईट नव्हती. पॉवर बँक संपत आली होती. लाईट नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून वरच्या टाकीत पाणी चढत नव्हतं.

“जवळच्या गावातल्या पोरी घरी चालल्यात,” लेक म्हणाली. “संध्याकाळी पुण्याची एसटी आहे. मम्मी, मी येऊ का?”

नवऱ्यानं ऐकलं होतं. त्यानं लगेच बूट चढवले. “म्हणावं ये. मी पुण्याला घ्यायला येतो.”

माझ्या ओठांवर ‘ये बाई’ आलंच होतं. अगदी तेच शब्द, तीच माया. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तो शब्द मी गिळला, आणि काय बोलावं सुचेना म्हणून जे सुचलं ते विचारलं.

“टाकीत पाणी किती उरलंय?”

“काय?”

“झाकण उघडून बघितलं का?”

“नाय.”

“मग आधी बघ. बादल्या किती आहेत ते मोज. पत्र्यावरनं पावसाचं पडतंय ते कुणी धरतंय का?”

नवरा माझ्याकडं बघतच राहिला. तिकडं पोरीचा आवाज बदलला, आमच्या घरातला झाला, करवादलेला. “मम्मी, ह्या पोरी परवापर्यंत नळ चालू ठेवून दात घासत होत्या. भरलेल्या बादल्या सकाळी ओतून दिल्या, म्हणे शिळं पाणी.”

“आणि तू बघत बसली?” मी म्हणलं.

फोन कटला. परत लागलाच नाही.

तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. नवरा बूट न काढता जेवला. “आई आहेस का कोण आहेस तू,” म्हणाला. मी मशीनवर बसले आणि एकाच ब्लाऊजची बाही दोनदा उलटी जोडली. ती निघाली असेल का, रडत असेल का, आपण कठोर झालो का. दहा वेळा मन म्हणालं की तुझं राहिलेलं शिक्षण तू पोरीच्या जिवावर पुरं करून घेतेयस.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मागं बादल्यांचा खणखणाट आणि पोरींचा गलका.

“मम्मी, कॉलेजच्या जनरेटरवर फोन चार्ज केलाय. लवकर बोल, मला टाईम नाय.”

पत्र्याखाली तिनं बादल्या, टब, मेसची पातेली, सगळं लावलं होतं. मेसमधनं तुरटी मिळवली होती. प्यायचं पाणी गॅसवर उकळून झाकलेलं, वापरायचं वेगळं, मजल्यामजल्याच्या पाळ्या ठरलेल्या. टाकीच्या खोलीची चावी रेक्टर मॅडमनी तिच्याच हातात दिली होती. मध्येच ती कुणावर तरी ओरडली, “ए, तो मग खाली ठेव, ते प्यायचंय.”

“काल निघणार होतीस ना?” मी विचारलं.

“कुठं?”

“घरी.”

“मम्मी, आता कशी येऊ?” ती वैतागून म्हणाली. “मी निघाले तर ह्या पोरी सगळं पाणी तासाभरात संपवतील. ठेव आता, नंतर करते.”

आणि तिनं फोन कापला. नवरा दारातनं विचारत होता, काय म्हणली, काय म्हणली. मला हसू पण येत होतं आणि डोळे पण भरत होते.

“काय म्हणणार,” मी म्हणलं. “यायला टाईम नाय म्हणली.”