काढून टाकलेलं वाक्य

वर्ध्याजवळच्या सेलूला आमच्या घरात नेटवर्क येतं ते फक्त गच्चीच्या जिन्यावर, वरून तिसऱ्या पायरीवर. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी तीन महिने मी त्या पायरीवर बसून इंटर्नशिप केली. कॉलेजनं ती सक्तीची केली होती. ज्यांच्या ओळखी होत्या त्यांना कुठल्या ना कुठल्या लॅबमध्ये जागा मिळाल्या. उरलेल्यांना सर म्हणाले, "ऑनलाइन बघा काहीतरी, सर्टिफिकेट मिळाल्याशी मतलब." मला जी सापडली तिचं नाव भारदस्त होतं, विज्ञान लेखन आणि मार्केटिंग. पहिले दोन शब्द वाचून मी अर्ज केला. तिसऱ्याकडे बघितलंच नाही. माझं नेहमीच असं होतं, अर्धं वाचायचं आणि हुरळून जायचं.

कंपनी कुठल्याशा लांबच्या शहरातली, टॉनिकं आणि पावडरी विकणारी. आम्ही आठ जण होतो, आठ गावांतले. एकमेकांची तोंडं कधी पाहिली नाहीत. स्क्रीनवर आठ गोल आणि त्यांत आठ अक्षरं, एवढीच ओळख. आमच्यावर एक एडिटर मॅडम होत्या. त्यांचा कॅमेरा कायम बंद. आवाज मात्र गोड, समजूतदार, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ओके ना?" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. आणि शेळ्यांना ते आवडतं, हेही कळलं.

कामाची पद्धत अशी. लेख आपण एका सामायिक फाइलमध्ये लिहायचा. मॅडम समासात शेरे टाकायच्या. काही शब्द खोडायला सुचवायच्या. खोडलेल्या शब्दांशेजारी बरोबरची एक छोटी खूण असायची. ती दाबली की बदल मान्य, आणि शब्द असे नाहीसे व्हायचे की तिथं कधी काही होतं यावर कोणाचा विश्वास बसू नये. मला ती खूण दाबायला फार आवडायचं. मॅडमचा शेरा गेला की पान स्वच्छ दिसायचं आणि मी मलाच शहाणी मुलगी वाटायचे.

नेट जायचं-यायचं म्हणून मी पहिला खर्डा आधी कॉलेजच्या दुरेघी वहीत लिहायचे. ही सवय माझ्या आईला हास्यास्पद वाटायची. "कंप्युटरवाली नोकरी अन् कागदावर अभ्यास," ती म्हणायची. तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला विसरायची नाही, की पोरगी घरी बसल्या बसल्या डॉक्टरीचं लिहून राह्यली.

डॉक्टरीचं म्हटलं की मी सुखावायचे, हे कबूल करते. वर्ध्याच्या स्टँडवर सावंगीच्या मेडिकल कॉलेजला जाणाऱ्या गाडीची वाट बघत पांढरे कोट हातावर टाकलेली पोरं-पोरी उभी असत. मी त्यांच्याकडे न बघितल्यासारखं करून बघत असे. माझे मार्क तेवढे आले नव्हते. ते दुःख मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण आमच्या मागच्या घरातल्या मावशीनं ते ओळखलं होतं. ती मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायची. चिडवायची म्हणावं तर तसंही नाही. तिच्या पोरीला ताप आला, डोळा आला, की आधी माझ्याकडे यायची. "काय देऊ वं डॉक्टरीणबाई?" आणि मी पुस्तकात बघून सांगायचे.

मावशीच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. ती निंदणाला, कापूस वेचायला जायची. घरात ती आणि तिची एकुलती एक पोरगी, सहावीतली. पोरीला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही, गल्लीआड एखादं घर असतंच. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि मग हाडं इतकी दुखतात की मोठा माणूसही ओरडतो. पोरगी रोज एक गोळी घ्यायची. त्या गोळीनं दुखण्याच्या पाळ्या कमी झाल्या होत्या. पण ती घेतली की तिला मळमळायचं, आणि गोळ्या आणायला महिन्यातून एकदा वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात जावं लागायचं. त्या दिवशी मावशीचं काम बुडायचं आणि पोरीची शाळा.

मला तिसरा लेख मिळाला तो रक्ताच्या आजारांवर. मॅडम म्हणाल्या, "खरी गोष्ट हवी. तुमच्या गावातली. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, ओके ना?" लेखाच्या शेवटी त्यांच्या लोहाच्या टॉनिकचा उल्लेख करायचा होता. मला शोधायला जावंच लागलं नाही. मी मावशीला विचारलं, नाव न घालता लिहू का म्हणून. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "लिही न. कोणाले कामात पडलं तं पडलं."

लेख चांगला झाला होता. आजही म्हणते, चांगला झाला होता. आणि त्याच्या शेवटी मी वहीत लिहिलं होतं, मग फाइलमध्ये उतरवलं होतं : 'सिकलसेलमध्ये रक्त कमी होतं ते लोहाच्या कमतरतेमुळे नाही. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाचं कोणतंही औषध घेऊ नका, आणि रोजची गोळी एक दिवसही बंद करू नका.'

मॅडमनी शेवटचं वाक्य पूर्ण खोडायला सुचवलं होतं. समासात शेरा होता, 'छान लिहितेस! पण हे ब्रेक लावल्यासारखं होतं. वाचक घाबरतो. काढूया?' वर लोहाबद्दल जे होतं तेही गेलं होतं आणि त्या जागी 'निसर्गाच्या मार्गानं, घरच्या घरी रक्त वाढवा' असं आलं होतं.

मला कळलं होतं. हे मी लपवणार नाही. सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी मी, मला सिकलसेल आणि लोहाचा फरक कळत नव्हता असं कोणी म्हटलं तर तो माझा अपमान होईल. मी उत्तर टाइप केलं, 'मॅडम, हे राहू द्या, महत्त्वाचं आहे.' मग त्यांचे पहिले दोन शब्द पुन्हा वाचले. छान लिहितेस. हे मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. मी टाइप केलेलं पुसलं आणि बरोबरची खूण दाबली. पान स्वच्छ झालं.

त्या महिन्यात माझा लेख सगळ्यांत जास्त वाचला गेला. मॅडमनी आठ गोलांसमोर माझं कौतुक केलं आणि कंपनीनं बक्षीस म्हणून त्याच लोहाच्या टॉनिकच्या चार बाटल्यांचा खोका पाठवला. मी कॉलेजात असताना आईनं त्यातल्या तीन मावशीला देऊन टाकल्या. "रक्ताचं औषध हाय, आपल्यापेक्षा तिले गरज," ती म्हणाली. मी ऐकलं आणि गप्प राहिले. वाटलं, टॉनिकच तर आहे. बोलले असते तर आईनं विचारलं असतं, मग तू लिहिलंस कशाला?

लेखाची छापील प्रत मीच काढून आणली होती, मावशीसाठी. तिला वाचता येत नव्हतं. भिंतीपलीकडून मी पोरीला वाचताना ऐकलं, शाळेत धडा वाचतात तशी, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचत असणार. स्वतःच्याच दुखण्याची गोष्ट ती ठणठणीत आवाजात वाचत होती. मावशी मध्येच म्हणाली, "पाय, तुह्यं किती बरोबर लिहिलं." पोरगी शेवटापर्यंत आली. निसर्गाच्या मार्गानं. घरच्या घरी. मग वाचन संपलं. मी जिन्यावर जाऊन बसले आणि पुढच्या लेखाचे मुद्दे काढायला लागले. दुसऱ्या दिवशी मावशीनं तो कागद देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला अडकवला.

गोळी कधी बंद झाली ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. कापसाची वेचणी सुरू होती, मावशीला दवाखान्याची चक्कर जड जात होती, पोरीला मळमळत होतं, आणि घरात त्यांच्या डॉक्टरीणबाईच्या तीन बाटल्या होत्या.

थंडीत पोरगी कोसळली. शाळेतून तिला उचलून आणलं. वर्ध्याच्या दवाखान्यात मावशीबरोबर मी गेले, कारण कागदपत्रं वाचायला कोणीतरी हवं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरनं सगळं नीट तपासलं आणि विचारलं, "गोळी का बंद केली?" मावशी म्हणाली, "असीच." टॉनिकबद्दल कळल्यावर तो चिडला. "अहो, या आजारात त्याचा काय उपयोग? असल्या जाहिरातीत कुठेतरी लिहिलेलंच असतं डॉक्टरांना विचारा म्हणून. वाचत का नाही तुम्ही?" मावशीनं खाली बघितलं. माझं नाव घेतलं नाही. मी पिशवी धरून उभी होते. मला वाटलं, ही मला वाचवते आहे. लाज वाटली, आणि त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे बरंही वाटलं.

पोरीला रक्त चढवलं, ती वाचली. पण उजवा खुबा गेला. डॉक्टर म्हणाले, या आजारात खुबा तसाही खराब होऊ शकतो, गोळी चालू असती तर झालंच नसतं असं छातीठोक सांगता येत नाही. हे वाक्य मी बरेच दिवस उराशी धरून बसले होते. ती भिंतीला धरून चालायला लागली. तिची शाळा कायमची बंद झाली. माझी इंटर्नशिपही संपली आणि सर्टिफिकेट आलं, त्यावर 'उत्कृष्ट' असं लिहिलं होतं. आईनं ते फ्रेम करून आणलं.

मी मावशीकडे जाणं टाळत होते. शेवटी आईनंच एक दिवस वाटीभर खीर देऊन पाठवलं. मावशी उंबऱ्याशी मेथी निवडत होती. पोरगी खाटेवर होती आणि तिच्या मांडीवर तोच कागद होता, घड्यांवर विरलेला. तिनं मला बघितलं आणि विचारलं, "ताई, मी कोन्ती ओळ सोडली?"

"कसली ओळ?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणे, लिहिलेलं असते. माय म्हणते मी वाचताना ओळ सोडली असन. मी रोज पायतो. मले तं सापडूनच नाई राह्यली." तिच्या अक्षरांत शिसपेन्सिलीनं प्रत्येक ओळीला नंबर टाकलेले होते.

मावशीनं मान वर केली नाही. म्हणाली, "घाईत वाचते ते. डॉक्टरीणबाईनं तं सारं बरोबरच लिहिलं असन. आपल्या घरचं माणूस चुकीचं लिहीन काय?"

तेव्हा मला कळलं की दवाखान्यात ती मला वाचवत नव्हतीच. माझी चूक असू शकते हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. दोष द्यायचाच तर तिनं तो आपल्या पोरीला दिला होता, आणि पोरीनं तो निमूट घेतला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. मी ती म्हण परीक्षेत अर्थासहित लिहिली होती आणि पूर्ण गुण मिळवले होते.

मी खीर तिथंच ठेवली आणि घरी गेले. कंपनीची ती फाइल आता माझ्यासाठी बंद झाली होती. पण दुरेघी वही होती. ती घेऊन आले आणि पान काढून पोरीच्या हातात दिलं. "वाच."

तिनं बोट ठेवलं. सुरुवातीच्या ओळी तिला पाठ होत्या, त्या भराभर गेल्या. शेवटी ती थांबली, पुढे झुकली आणि एकेक शब्द वाचायला लागली. लोहाचं कोणतंही औषध घेऊ नका. आणि रोजची गोळी. एक दिवसही. बंद करू नका.

मावशीचे हात मेथीत थांबले. "पुन्हा वाच," ती म्हणाली. पोरीनं पुन्हा वाचलं.

"हे तुह्यच अक्षर हाय?" मावशीनं मला विचारलं.

"हो."

"मंग हे काऊन नाई देल्लं आमाले?"

मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या काढ, म्हणून काढलं. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती कमी आहे. ती म्हणाली, "तुले मालूम होतं?" मी होकाराची मान हलवली. रडू येत होतं पण रडायचा हक्क त्या घरात माझा नव्हता, म्हणून मी रडले नाही.

मावशी उठली. पोरीजवळ बसली, तिच्या मांडीवरचा कागद काढून घेतला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुह्यं काई चुकलं नोतं, बाई. तू सारं वाचलं होतं." पोरगी एवढे महिने सुया खाऊन रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

मावशी आमच्याशी बोलायची थांबली नाही. शेजार आहे, एकच भिंत आहे. मेथी देते, खिरीची वाटी धुऊन परत देते, पोरीचे दवाखान्याचे कागद अजूनही माझ्याकडूनच वाचून घेते, फक्त आता दोनदा वाचायला सांगते. पण त्या दिवसापासून तिनं मला डॉक्टरीणबाई म्हटलं नाही. नावानं हाक मारते.