उजव्या डोळ्यावरून डावा

माझी ताई डोळे बनवते. असं सांगितलं की समोरचा आधी हसतो, आणि मी हसत नाही हे बघून स्वतःच्या डोळ्याला हात लावून बघतो. अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्यासाठी ती उरलेल्या डोळ्याशी हुबेहूब जुळणारा खोटा डोळा रंगवते. वय चौऱ्याहत्तर. तिच्या ब्रशला मोजून चार-पाच केस असतात. माझ्या डोक्यावर त्याहून थोडे जास्त आहेत, पण त्यांचा काही उपयोग नाही.

विशीत ती कापडदुकानांतल्या पुतळ्यांना भुवया काढायची. एका म्हाताऱ्या कारागिराने तो हात पाहिला आणि तिला डोळ्यांच्या कामात ओढलं. तेव्हापासून ती माणसांना नावाने ओळखत नाही. "तो कोण रे, तपकिरी, कडेला शेवाळी?" असं विचारते, आणि आपण ओळखायचं की बाई स्वतःच्या व्याह्यांबद्दल बोलतायत. कुणाच्या लग्नाला गेली तर नवरीच्या आईला सांगते, "तुमचा डावा उजव्यापेक्षा फिकट आहे हो." मग त्या बाई पाहुणे सोडून आरसा शोधत फिरतात. भावोजी चाळीस वर्षं या नजरेखाली नांदले आणि त्यांना एकदाही धड खोटं बोलता आलं नाही. मी मात्र दोन वर्षं बोललो.

त्याचं असं झालं. माझा धंदा फोटोचा. ताईकडे येणाऱ्या माणसाच्या चांगल्या डोळ्याचा मोठा फोटो मी काढायचा, कारण बुबुळात जी बारीक नक्षी असते ती माणूस समोर बसून किती वेळ दाखवणार? तास-दोन तासांत त्याच्या डोळ्याला पाणी सुटतं. फोटोला पाणी सुटत नाही. इतक्या जवळून कॅमेऱ्याचा आपोआप होणारा फोकस हमखास पापण्यांच्या केसांवर जाऊन बसतो, म्हणून फोकस हातानेच करायचा. आणि दोन वर्षांपासून मला कॅमेऱ्याच्या त्या इवल्या खिडकीतून बुबुळ कुठलं आणि पापणी कुठली, हेच कळेनासं झालं होतं. सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. पण ज्याने पन्नास वर्षं गावाला "हलू नका" असं बजावलं, त्याने "मला दिसत नाही" असं कुणाला सांगायचं? मी भिंगावरची फोकसची कडी अंदाजाने फिरवायचो. फोटो बिघडला की म्हणायचो, "पेशंट हलला." नाचता येईना, अंगण वाकडं. माझं अंगण तर दोन वर्षं नुसतं हलत होतं.

ताई बिचारी त्या धूसर फोटोंवरून निभावून न्यायची. मग आला सलूनवाला.

याच्या खुर्चीची स्प्रिंग दुरुस्त करताना उडाली आणि डावा डोळा गेला. ताईने माझ्या फोटोवरून त्याला डोळा करून दिला. रंग बरोबर होता, पण नक्षी नव्हती. मीच दिली नव्हती. दोन महिन्यांनी तो परत आला आणि स्टुलावर बसला.

"मावशी, डोळा छान आहे. पण गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, आरशात बघतं, डाव्या डोळ्यावर त्याची नजर अडकते. मग त्याला एकदम काम आठवतं. वस्तऱ्याखाली मान द्यायची तर समोरचा धड बघतोय की नाही, याची खात्री नको का? समोरच्या दुकानात रांग लागलीय. असंच चाललं तर पुढच्या महिन्यात मला खुर्च्या विकायला काढाव्या लागतील."

ताईने तो डोळा तळहातावर घेतला. "उकडल्यासारखा झालाय," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पुन्हा करते. पण यावेळी फोटो नीट आला नाही, तर मी दुसरा फोटोवाला बघीन."

"ते हलले होते," मी म्हणालो.

"मी?" सलूनवाला म्हणाला. "काका, मी हललो असतो तर आजवर निम्म्या गावाला कान नसते."

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन कॅमेऱ्याला बाहेरून जोडायचा मॉनिटर आणला. भिंगातून जे दिसतं ते त्या पडद्यावर थेट दिसतं. हवं तर दहापट मोठं करा आणि मग फोकस करा. ताईला सांगितलं, "आता सगळे मोठे फोटोग्राफर हेच वापरतात." डोळ्यांचा विषय काढला नाही.

सलूनवाल्याला खिडकीशेजारी बसवलं. ताईलाही माझी शान दिसावी म्हणून पडदा जरा तिरका ठेवला, आणि तिथेच फसलो. कारण तो सलूनवाल्यालाही दिसायला लागला. ज्याचा जन्म आरशासमोर गेला, त्याला स्वतःचा डोळा थाळीएवढा दिसल्यावर तो स्वस्थ बसेल? मी म्हणायचो, "जरा उजवीकडे." तो पडद्यात बघून सरकायचा. पण पडदा म्हणजे आरसा नव्हे. डोळा भलत्याच बाजूला पळायचा. हा त्याला गाठायला आणखी सरकायचा. असं करत करत एकदा तो स्टुलावरून ताईच्या मांडीवरच यायचा बाकी राहिला.

शेवटी मी पडदा फक्त माझ्याकडे वळवला आणि कडी फिरवायला लागलो. बघतो तर डोळ्यात लालच लाल रेघा.

"झोप झाली नाही का रात्री?"

"उत्तम झाली."

"डोळा तर रक्तासारखा लाल आहे. ताई, शिरांना लाल रेशीम जरा जास्त लाव."

खोट्या डोळ्यात शिरा दाखवायला ती रेशमाचे तंतू चिकटवते. तिने उठून सलूनवाल्याच्या डोळ्यात पाहिलं, मग माझ्या पडद्यात पाहिलं. "डोळा पांढराशुभ्र आहे. तुझ्या यंत्रातच काहीतरी लाल आहे."

मग मी माहितीपत्रक काढलं. ते मला वाचता येईना, म्हणून सलूनवाल्याने एका डोळ्याने वाचून दाखवलं: जो भाग नेमका फोकसमध्ये येतो, त्याच्या कडा पडदा लाल करून दाखवतो. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा यंत्र मला "बरोबर आहे, बरोबर आहे" असं ओरडून सांगत होतं, आणि मी त्याच्यावर औषध शोधत होतो.

त्यानंतर सोपं झालं. लाल रेघा पापण्यांवरून बुबुळावर आणल्या आणि बटण दाबलं.

फोटो छापून आणला, तोवर सलूनवाला तिथेच थांबला होता. ताईने भिंग लावलं आणि फोटो उलटसुलट फिरवत राहिली. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"नक्षी स्वच्छ आलीय. एकेक धागा मोजता येतो," ती म्हणाली. "आणि हा कोण?"

"कोण?"

"बाहुलीत. भाऊ, तुम्ही बघा जरा."

सलूनवाल्याने भिंग घेतलं. बुबुळ स्वच्छ आलं, की त्याच्यावर पडलेलं समोरचं प्रतिबिंबही स्वच्छ येतं, हे पन्नास वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाला आठवायला हवं होतं. त्या काळ्या बाहुलीत खिडकी होती, पडद्याची चौकट होती, आणि त्या चौकटीला नाक टेकवून, तोंड उघडं टाकून, एकावर एक दोन चष्मे चढवलेला एक म्हातारा होता.

"काका," तो हळूच म्हणाला, "दोन चष्मे?"

"एक लांबचा, एक जवळचा," मी म्हणालो. "बटण दाबण्यापुरते चढवतो, तेव्हा समोरचा भिंगातच बघत असतो."

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"दोन वर्षं."

ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने जगाचे डोळे तपासले. आपल्याच धाकट्या भावाचे बघायचे राहिले, हे तिला लागलं असावं. पण बोलली ते वेगळंच. "मला सांगू नकोस. यांना सांग."

मग मी सलूनवाल्याला सांगितलं, की तुमचा पहिला डोळा ताईने नाही, मी बिघडवला. तुम्ही हलला नव्हता.

तो फोटो खाली ठेवून म्हणाला, "दोन महिने, काका. मला एकच आहे, पण त्याने दिसतं तरी." मी दोन्ही चष्मे खिशात घातले.

ताई त्या फोटोवर नऊ दिवस बसली. नवा डोळा बसवला त्या सकाळी आम्ही दोघं सलूनच्या बाकावर जाऊन बसलो. दार उघडं, खुर्ची रिकामी. सलूनवाला उगीच कंगवे पुसत होता. ताईने हातातली पिशवी घट्ट धरली होती, एवढं मलाही दिसत होतं.

दहाच्या सुमाराला एक जाडसर गृहस्थ आत आले. हे महिनाभर समोरच्या दुकानात जात होते. आज तिथे रांग होती. खुर्चीत बसले, आरशात पाहिलं. सलूनवाल्याने मागून आरशातच त्यांच्याकडे पाहिलं.

"कल्ले बारीक करा," गृहस्थ म्हणाले. "दाढी पण करून टाका. परवा त्या समोरच्याने हनुवटीला कापलं हो." आणि मान मागे टाकून त्यांनी डोळे मिटले.

वस्तरा चालायला लागला. ताई उठली.

"झालं?" मी कुजबुजलो.

"तुला दिसलं नाही?"

"मला पाठमोरे गृहस्थ दिसले. ते काय म्हणाले ते ऐकलं."

"चल," ती माझा दंड धरून म्हणाली. "डोळ्यांचे डॉक्टर साडेअकराला बसतात. आणि तिथे गेल्यावर डॉक्टर हलले म्हणालास, तर बघ."