या जेवाले

हातात ताटली आली की अक्का लगेच खायला सुरुवात करत नसे. आधी गाडीभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांकडे एकदा नजर फिरवायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "या जेवाले, बठ्ठा जण!" मग थोडं थांबायची. जळगावातली ती लाल रंगाची चायनीजची गाडी, वर हिरव्या अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी'. संध्याकाळी क्लास सुटलेली पोरं कानांत इअरफोन घालून तिथे नूडल्स खात असत. तिच्या हाकेला कोण ओ देणार? अक्का मान हलवायची आणि पहिला घास घ्यायची.

अक्का म्हणजे निवृत्त नर्सबाई. जामनेरपासून पिंपळनेरपर्यंत खेड्यापाड्यांतून नोकरी केलेली. लग्न केलं नव्हतं. स्वभावाने फटकळ, आणि स्वच्छतेचं तर वेडच. ताटली घरून आणायची. गाडीवाल्याच्या तोंडावर सांगायची, "तुन्ही बादलीमझारनं पानी मी देखेल शे!" तो बिचारा हसून तिच्याच ताटलीत वाढायचा. या वयात नूडल्स कशा काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "दात ऱ्हायनात नई, माय. भाकर चावाई जात नई. ह्या नुडल्या आपसूक उतरतस."

मी सांगलीहून बदली होऊन आले होते. तीन आठवडे झाले होते, आणि ऑफिसचं काम सोडून माझ्याशी कुणी एक वाक्य बोललं नव्हतं. खोलीवर जायचा कंटाळा म्हणून गाडीजवळ रेंगाळत होते. "या जेवाले!" कानांवर आलं. आता, 'या जेवायला' हे म्हणायचं असतं, 'जेवा, जेवा' हे उत्तर द्यायचं असतं, हे सांगलीतही शेंबड्या पोराला कळतं. मला त्या दिवशी कळलं नाही. मी सरळ गेले आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत खरोखर आलेली मी पहिलीच असणार. मग घाईघाईने तिने ताटली मध्ये सरकवली. चमचा एकच होता, तो मला दिला आणि स्वतः हाताने खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या पिशवीत दोन चमचे असायचे.

"कोनी येत नई, तरी रोज कशाला म्हणता?" मी विचारलं होतं. तिची नक्कल करायचा तो माझा पहिला प्रयत्न. ती हसली नाही. "खेडामा चाळीस वरीस काढात. एकलं जेवानी येळ कधी उनी नई. आते कोनी येवो, नई येवो, म्हननं पडस. नईतं घास गळामा अटकस."

पुढे ऑफिसात माझ्या मैत्रिणी झाल्या. एकदा त्यांच्यासोबतच त्या गाडीवर गेले. अक्काने लांबूनच हाक मारली, "ये वं माय, जेवाले ये!" मैत्रिणी बघायला लागल्या. मला त्या हाताने खाणाऱ्या म्हातारीची लाज वाटली. खोटं कशाला बोलू, लाजच वाटली. मी पाहुण्यासारखी हसले आणि म्हणाले, "जेवा अक्का, चालू द्या तुमचं." तिने मान हलवली आणि घास घेतला. तशीच, रोजच्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, तिच्याजवळ बसले. तिने दुसरा चमचा काढून दिला, पण 'ये' म्हणाली नाही. त्यानंतर वर्षभर आम्ही एका ताटलीत खाल्लं. आजूबाजूच्या सगळ्यांना ती हाक मारायची, मला कधीच नाही. ती शिक्षा मी मुकाट्याने भोगली.

मग अक्का न्हाणीघरात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. पिंपळनेरहून भाचा बायकोसह जीप घेऊन न्यायला आला. निघायच्या दिवशी मी गाडीवरून नूडल्स बांधून आणल्या आणि तिच्याच ताटलीत ओतल्या. पडल्या पडल्या ती भाच्याला म्हणाली, "ये जेवाले." भाच्याच्या बायकोला म्हणाली, ड्रायव्हरलाही म्हणाली. तिघंही म्हणाले, "जेवा, जेवा." मी चमचा घेऊन वाट बघत होते. शेवटी लाज सोडून म्हटलंच, "अक्का, मला का नाही म्हणत? त्या दिवसाचा राग अजून गेला नाही?"

"कोन्ता दिवस?" ती म्हणाली. "तू तं घरनी शे. घरना मानूसले कोनी बलावस का?"

तिला तो दिवस खरंच आठवत नव्हता, की माझी लाज राखायला ती तसं म्हणाली, हे मला आजही ठरवता येत नाही. आम्ही दोघींनी ताटली संपवली. दिवाळीच्या आधी पिंपळनेरलाच ती वारली.

मैत्रिणींच्या बदल्या झाल्या. मी अजून त्या गाडीवर जाते. पिशवीत दोन चमचे असतात. पहिल्या घासाआधी सगळ्यांकडे बघून मोठ्याने म्हणते, "या जेवाले." थोडं थांबते.

अजून कुणी आलेलं नाही.