आईचं इंग्रजी आणि टँकरचं पाणी

आईला इंग्रजीतलं एकच वाक्य येतं. माझ्या मुलीने शिकवलेलं: ‘आय वॉझन्ट बॉर्न यस्टरडे.’ मी काही काल जन्मले नाही, मला बनवू नका, असा त्याचा अर्थ. आईने त्याचं शेपूट तेवढं ठेवलं आहे. ‘बॉर्न यस्टरडे’ एवढंच म्हणते, आणि भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवते.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिने महिनाभर आमच्याकडे राहणं गरजेचं होतं. रोज व्यायामाला दवाखान्यात जायचं होतं. पण ती लगेचच गावी, गंगापूरला परतायच्या गोष्टी करू लागली. कारण आम्हाला ठाऊक होतं. आमच्या नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येतं, आणि लेकाच्या ड्रममधलं पाणी आपल्यामुळे कमी होतंय, हे तिला सोसवत नव्हतं. आंघोळीला अर्धी बादली घ्यायची आणि त्यातलंही उरवायची.

म्हणून आम्ही खोटं बोललो. नवी पाइपलाइन आली, आता रोज पाणी येतं. पुराव्याला क्रांती चौकातला फलक होताच. त्यावर पाणीयोजनेचं अभिनंदन करणारे इतके चेहरे होते, की प्रत्येकाने एकेक घागर आणली असती तरी आमची गल्ली न्हाली असती. आई दवाखान्यात गेली की आम्ही टँकर बोलवायचो. ती येईपर्यंत ड्रम भरलेले.

एका संध्याकाळी ती ड्रमजवळ खुर्ची ओढून बसली.

“रोज नळ येतो म्हणता?”

“व्हय,” मी म्हणालो.

“आन गल्लीत एकाची बी मोटार वाजत नाय? नळ आला म्हणून एक बाई वरडत नाय? बॉर्न यस्टरडे.”

मी फलकाचा विषय काढला.

“फलकातून पाणी गळतं व्हय रे?”

मग तिने माझ्या बायकोकडे पाहिलं. “कशापायी केलं गं हे?”

“तुम्ही जाऊ नये म्हणून, आई.”

ती बराच वेळ ड्रमच्या झाकणावरून हात फिरवत राहिली.

सकाळी न्हाणीघरात बादली पूर्ण भरल्याचा आवाज आला. बाहेर आल्यावर केस पुसत म्हणाली, “टँकर मी घरी असताना बोलवत जा. तुम्हाला लई फसवत असतील.”

पुढच्या वेळी ती दारात खुर्ची टाकून बसली. टँकरवाला पाइप गुंडाळत म्हणाला, “भरला, मावशी.”

आईने काठी ड्रमवर वाजवली. वरच्या बाजूला पोकळ आवाज आला.

“बॉर्न यस्टरडे,” ती म्हणाली. “सोड अजून. महिनाभर राहायचंय मला इथं.”