दोन वाड्यांचा भात

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका संतापी माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला नाही, आणि झालाच असेल तर तो आपला राग घरी ठेवून बाहेर पडत असला पाहिजे. आमचे भावोजी राग बरोबर घेऊन फिरत. एका खांद्याला लशीचा थर्मास, दुसऱ्या खांद्याला शबनम पिशवी, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. एसटी उशिरा आली तर एसटीवर, वेळेवर आली तर "आज हिला कसली घाई झाली होती" म्हणून पुन्हा एसटीवरच. आंबा पिकला नाही म्हणून आंब्यावर, सगळा एकदम पिकला म्हणूनही आंब्यावर. फक्त कोंबडीवर आवाज चढवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. एकदाच चढवला, आणि तीच हकीकत मला सांगायची आहे. सांगताना मलाही राग येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. राग काय त्यांच्या एकट्याच्या घराण्यात नव्हता.

भावोजी सरकारी कोंबडी केंद्रात डॉक्टर होते. ऐंशी साल उलटून गेलं होतं, मला रत्नागिरीत शाळेत नोकरी लागली होती आणि मी ताईकडे राहत होते. राहत होते म्हणजे काय, अंड्यांच्या सोबतीला होते. घरातल्या कपाटात अंडी, फ्रिजमध्ये लशीच्या बाटल्या, आणि दुधाचं पातेलं बाहेर पाण्यात. ताईने आमरस करून फ्रिजमध्ये ठेवला, तर या गृहस्थांनी तो काढून ओट्यावर ठेवला आणि वर तिलाच सुनावलं, "आमरस नासला तर दुसरा करता येतो. ही नासली तर तालुक्यातल्या कोंबड्या जातील." आमरस संध्याकाळपर्यंत फसफसला. ताईने तो परसात ओतला आणि पातेलं घासायला घेतलं. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. कोंबडी मात्र ते कधी खात नसत. एका बारशाच्या जेवणात पानात रस्सा पडल्याबरोबर ताडकन उठले आणि भर पंगतीत म्हणाले, "पेशंट कुणी खातं का?" त्यानंतर त्या पंगतीला कोणाला नीट जेवता आलं नाही.

त्यांचा खरा दावा होता मानमोडीवर. हा रोग ज्यांनी पाहिला नाही ते सुखी आहेत. उन्हाळा चढायला लागला की एखाद्या गावात एक कोंबडी झिमायला, पेंगायला लागते, हिरवट हगते, मान पिळल्यासारखी वाकडी होते आणि ती जाते. मग आठवड्याभरात गावातलं एकही खुराडं भरलेलं राहत नाही. आतल्या गावांतून पुरुष माणसं मुंबईला, घरी बायका, आणि बाईच्या हक्काचं म्हणावं असं जे काय असतं ते त्या खुराड्यात. पाहुणा आला तर कोंबडी, पोर आजारी पडलं तर अंडं. ते सगळं एका आठवड्यात परसात पुरायचं. लस होती, नव्हती असं नाही. पण पुण्याहून निघालेली लस गार ठेवावी लागायची, आणि आमच्याकडे वीज यायची ती मुख्यतः जाण्यासाठी. भावोजी मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीचा बर्फ आणून थर्मासात भरायचे. गावात पोचेपर्यंत बर्फाचं पाणी, लशीचं पाणी आणि डॉक्टरांना बांगड्याचा वास. "पाणी टोचतोय मी, नुसतं पाणी!" असं ते घरी येऊन ओरडायचे आणि थर्मास आपटायचे. आपटून आपटून फुटला की थर्मास बनवणाऱ्यांवर ओरडायचे.

मग त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं. उन्हात मरणारी लस नकोच, उन्हात जगणारी हवी. मानमोडीच्याच जातीतला एक मवाळ विषाणू त्यांनी कुठून तरी मिळवला. तो अंड्यात वाढवायचा, बाटलीत भरून गरम जागी ठेवायचा, त्यातला जो तगून राहील तो पुन्हा नव्या अंड्यात वाढवायचा. हा उद्योग वर्षानुवर्षं चालला. गरम जागा म्हणजे आमचं स्वयंपाकघर. चुलीवरच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी त्या बाटल्या. मी एकदा मीठ घ्यायला हात वर केला तर मागून आवाज आला, "हात लावू नकोस शालू, ती तापते आहे!" आजारी मुलाविषयी बोलावं तसे बोलले. मी म्हटलं, "भावोजी, आमटीत मीठ नाही." तर म्हणाले, "आमटी थांबेल." त्या दिवशी आम्ही अळणी आमटी जेवलो.

शेवटी बाटलीतली लस उन्हात टिकायला लागली. पण ती द्यायची कशी? गावठी कोंबडी फणसावर झोपते, दिवसभर राना-परसातून हिंडते, आणि ती काही हात पुढे करून धरायची वस्तू नाही. प्रत्येकीला पकडून डोळ्यात थेंब घालायला गेलेले भावोजी लांज्याकडच्या एका गावात शेणाच्या खळग्यात कमरेपर्यंत गेले. तिथली भागाकाकी नावाची म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "डाक्टर, तिला धरताव कशाला? भात टाका, आपनच येल." भावोजी खळग्यातूनच तिच्याकडे बघत राहिले. मग लस भातावर आली. ताई पहाटे उकड्या तांदळाचा भात करायची, तो गार झाला की भावोजी त्यावर लस चोळायचे. नवऱ्याच्या डब्यासाठी बायका उठतात, माझी बहीण कोंबड्यांच्या डब्यासाठी उठायची. तिला कोणी साधं शाब्बास म्हटलं असतं तर माझं निम्मं भांडण मिटलं असतं.

आता लशीला मंजुरी देणाऱ्या पुण्याच्या साहेबांना पटवायचं होतं. साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी दात-ओठ खाऊन कबूल करते. लशीने कोंबड्या वाचल्या हे कळायचं तर काही कोंबड्या लशीवाचून ठेवल्या पाहिजेत. भागाकाकीच्या गावात दोन वाड्या, खालची आणि वरची, मधून पऱ्या वाहतो. ठरलं असं की खालच्या वाडीला लशीचा भात, वरच्या वाडीला साधा. मानमोडी आली की कुठे मरतात, कुठे जगतात ते बघायचं. भावोजींनी बायकांना गोळा करून हे समजावलं आणि दम भरला, "यात कोणी लुडबूड केली तर माझ्याशी गाठ आहे." बायकांनी माना डोलावल्या आणि आपापल्या वाट्याचा भात घेऊन घरी गेल्या.

शिमगा झाला आणि मानमोडी आली. आजूबाजूच्या गावांतली खुराडी रिकामी झाली. भावोजी मला घेऊन गावात गेले. खालच्या वाडीत कोंबड्या ठणठणीत. भावोजींचा चेहरा असा फुलला की मला त्यांची ओळख पटेना. मग पऱ्या ओलांडून आम्ही वरच्या वाडीत गेलो. तिथे एक कोंबडा कौलावर उभा राहून आरवत होता आणि खाली त्याचा सगळा परिवार माती उकरत होता. भावोजी अंगणाच्या मधोमध उभे राहिले, लाल झाले, आणि जन्मभर ज्या जिवांवर आवाज चढवला नव्हता त्यांच्यावर ओरडले, "अरे मरत का नाही तुम्ही?" कोंबडा आरवायचा थांबला. वाडीतल्या बायका दारात आल्या.

भागाकाकी खालून धापा टाकत आली. तिला काय झालं तेच कळेना. "जगल्यात तं वरडताव कशाला?" म्हणाली. भावोजींनी विचारलं, यांना लस दिली कोणी? "आमीच की," ती म्हणाली. "माझी लेक ह्या वाडीत दिलीली. वस्तू घरात आली नि पऱ्यापलीकडं वाटा गेला नाय, आसं कदी झालं नाय वो. मानसाला नाय करत पंक्तिप्रपंच, मुक्या जनावराला करायचा?" खालच्या वाडीतल्या एकूण एक घरातून भाताचा द्रोण वर गेला होता. भावोजी कट्ट्यावर बसले. मला हसू आवरेना, आणि त्यांच्याकडे बघून ते आपोआप थांबलं.

पुण्याच्या साहेबांनी निकाल दिला की दोन्ही वाड्यांत फरक नाही, तेव्हा लशीचा गुण दिसत नाही. भावोजींनी समक्ष जाऊन सांगितलं की बायकांनी भात वाटला, आणि शेजारची गावं मात्र ओस पडली. साहेब म्हणाले, "डॉक्टर, बायकांच्या वाटण्या शास्त्रात धरत नाहीत, आणि शेजारची गावं प्रयोगात नव्हती. पुन्हा करा. या वेळी पऱ्यावर पहारा बसवा." त्या साहेबांचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर माझी जीभ विटाळेल.

पुढच्या वर्षी भावोजी पुन्हा निघाले. "पहारा बसवतो की नाही बघ. एक शीत पलीकडे जाऊ देणार नाही," असं आठवडाभर घर डोक्यावर घेऊन निघाले. दोन डबे, एकात लशीचा भात, दुसऱ्यात साधा. मला सुट्टी होती, मी बरोबर होते. खालची वाडी झाली. वरच्या वाडीत भागाकाकीची लेक सूप घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "औंदा लशीचा भात आमाला तुमीच देताव काय? बरं झालं." भावोजींनी साध्या भाताचा डबा उघडला. बघत राहिले. मग झाकण लावलं आणि पहिल्या डब्यात उरलेला भात तिच्या सुपात ओतला. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. मी साध्या भाताचा डबा उचलून मागून चालत राहिले. तोंड उघडलं असतं तर रडले असते.

घरी येऊन त्यांनी साहेबांना खरं ते कळवून टाकलं, की या वेळी भात मी वाटला. खोटं बोलायला राग पुरत नाही, त्याला वेगळा स्वभाव लागतो. झालं. लस वाढवायला मिळणारी अंडी बंद झाली, केंद्रातला आणि घरातला सगळा माल नष्ट करायचा हुकूम आला. चुलीवरच्या फळीवरच्या बाटल्यासुद्धा त्यांनी स्वतःच्या हाताने उकळून परसात ओतल्या. मी म्हटलं, "एक ठेवा लपवून, कोणाला कळणार आहे?" तर नुसती मान हलवली.

भातावरच्या लशीचा जोर वर्षभर टिकत नाही. पुढच्या शिमग्यानंतर मानमोडी आली ती दोन्ही वाड्यांत शिरली. आम्ही गेलो तेव्हा पऱ्याच्या दोन्ही अंगांना शुकशुकाट होता. भावोजी घरोघर गेले आणि प्रत्येक दारात म्हणाले, "माझ्याकडे लस नव्हती हो." मला वाटलं, बायका त्यांना शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या, मी त्यांच्या जागी असते तर दिल्या असत्या, फक्त पुण्याच्या दिशेने. भागाकाकीने रिकाम्या खुराड्याचं दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "व्हतं तवा दिलाव. आता नाय तं नाय."

परतताना एसटी दीड तास आली नाही, आणि आली तर पुढच्या नाक्यावर ड्रायव्हर चहाला उतरला. मी भावोजींकडे बघत होते. आता ओरडतील, मग ओरडतील. ते खिडकीशी हात मांडीवर ठेवून गप्प बसले होते. मला ते बघवेना. शेवटी मीच उठले आणि भर गाडीत त्या ड्रायव्हरला असं काही बोलले की लोक वळून बघायला लागले. भावोजींनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"जाऊ दे गं शालू," ते म्हणाले, "त्याचा काय दोष?"