गिरणीचा नंबर

काकासाहेबांनी नवी गाडी घेतली तेव्हा शेंद्र्यातल्या लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. वय पासष्ट, गुडघे कुरकुरायला लागलेले, पोरगा पुण्याला, घरात नवरा-बायको दोघंच. आता हे पांढरं धूड कुणाला बसवून फिरवायचं? काकासाहेबांनी कुणाला उत्तर दिलं नाही. माणूस मुळात बोलण्यातला नव्हताच. अर्धी जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा बोलला नाही, आणि तिथंच उभ्या राहिलेल्या एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून लागला तेव्हाही नाही.

चोवीस वर्षं त्यांनी ते स्टोअर सांभाळलं. खोक्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, आणि नावाप्रमाणं आत माल. चिठ्ठीवर वायसर आणि आत नट असं कधी निघालं, तर ज्यानं ठेवलं त्याची काही खैर नसायची. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. घरातल्या डाळींच्या डब्यांना चिठ्ठ्या, लाइटच्या बटणांना चिठ्ठ्या. मोबाइलमध्येसुद्धा नुसतं 'कृष्णा' नाही, तर 'कृष्णा मुलगा पुणे'. मनकर्णाबाई म्हणायच्या, "माझ्या कपाळावर बी एक डकवा, म्हंजी चुकून दुसऱ्याच्या घरी जायची नाय मी."

त्या मोबाइलमध्ये एकच नाव मोकळं होतं. मागं नातं नाही, गाव नाही. नुसतं 'सोनिया'.

पाच वर्षांपूर्वी सोनियानं संघपालशी लग्न केलं. पोरगा कॉलेजात शिकवणारा, निर्व्यसनी, माणसात बसणारा. जात वेगळी, एवढाच काय तो त्याचा गुन्हा. तो स्वतः विचारायला घरी आला होता. काकासाहेबांनी त्याला अंगणातूनच परत पाठवलं आणि पोरीला सांगितलं, "जायचं तर जा. पण मंग माझ्याकडं फोन बी करायचा नाय." आता लेक तरी कुणाची? तिनं बापाचा शब्द जसाच्या तसा पाळला. पाच दिवाळ्या गेल्या, फोन काही आला नाही.

पहिलं वर्ष रागात गेलं. दुसऱ्या वर्षी राग कधी संपला ते काकासाहेबांचं त्यांनाच कळलं नाही, आणि मग मागं राहिली ती नुसती आठवण. जेवताना यायची, टीव्हीसमोर यायची, काही कारण नसताना यायची. फोन करावा असं हजारदा मनात आलं. नंबर काढायचा, नावाकडं बघायचं, परत खिशात टाकायचा. लोक काय म्हणतील ते सोडा, तिनं उचललाच नाही तर? ह्या एका भीतीनं हा धडधाकट माणूस पाच वर्षं गप्प बसला. मूर्खपणाच की, दुसरं काय. पण असल्या बापाला हे सांगायचं कुणी? मनकर्णाबाईंनी सुरुवातीला दोनदा विषय काढला, दोन्हीदा काकासाहेब ताट सरकवून उठले. तिसऱ्यांदा बाई कशाला बोलतात.

गाडी ताब्यात घेतली त्या दिवसाची गोष्ट. शोरूममधले मोईनभाई, तिथं वीस वर्षं काढलेला माणूस, गाडीतल्या त्या पाटीएवढ्या पडद्यापुढं बसले. स्वतःचा मोबाइल जोडून त्यांनी दाखवलं. "देखो काकासाहेब, ज्याचा फोन येईल त्याचं नाव इथं येतं. एवढं मोठं. खिशात हात घालायला नको. इथं बोट लावा आणि बोला, आवाज चारी दारांतून."

काकासाहेब पडद्याकडं बघत राहिले. गाडी चालवताना मोबाइल खिशात वाजतो, ऐकू येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. तिनं कधी केला आणि नेमका तेव्हाच आपण गाडीवर असलो तर? पोर जिद्दीची. एकदा करील, दुसऱ्यांदा करणार नाही. तेव्हा मोबाइल ह्या पडद्याला जोडलेला पाहिजे म्हणजे पाहिजे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि लोकांना वाटलं की म्हाताऱ्याला नव्या खेळण्याचं वेड लागलंय.

मग सुरू झाला डोक्याला ताप.

घरी येऊन त्यांनी ब्लूटूथ चालू केलं. गाडीच्या पडद्यावर सहा आकडे उमटले, तेच सहा मोबाइलवर उमटले, आणि खाली प्रश्न आला, जोडू का? काकासाहेबांनी 'रद्द' दाबलं. का म्हणून विचारा. बँकेचा मेसेज महिन्यातून चारदा येतो, सहा आकडी नंबर कुणालाही देऊ नका. देऊ नका म्हणजे देऊ नका. चार दिवस गाडी आकडे दाखवत राहिली आणि काकासाहेब रद्द करत राहिले. शेवटी पुण्याहून कृष्णा फोनवर हसून हसून बेजार झाला. "अहो आप्पा, ती तुमचीच गाडी आहे. ती काय तुमच्या खात्यातून पैसे काढणार आहे?"

आकडे मान्य केले. आता मोबाइल म्हणाला, तुमच्याकडची नावं गाडीला वाचू देऊ का? ह्यांनी परत 'नाही' दाबलं, कारण घरातल्या माणसांची नावं गाडीला कशाला पाहिजेत. मग फोन आला की पडद्यावर नुसता नंबर यायला लागला. ज्या नावासाठी सगळा खटाटोप, तेच दिसणार नाही म्हटल्यावर त्यांनी नाइलाजानं तेही मान्य केलं. तर पडद्यावर एक चकरी फिरायला लागली, नावं येत आहेत, नावं येत आहेत. अर्धा तास काकासाहेब गाडीत बसून ती चकरी बघत होते. नावं काही आली नाहीत, आणि जोडलेलंही सुटलं. केबल आणली, तर ती नुसती चार्जिंगची निघाली. दुसरी आणली, तर पडद्यानं ओळख द्यायला नकार दिला.

सातव्या दिवशी ते परत मोईनभाईंकडं गेले. मोईनभाईंनी तासभर झटापट करून हात टेकले. "गाडीत काही खराबी नाही, काकासाहेब. फोन बुढ्ढा झालाय. नवा घ्या, मी सगळे नंबर त्यात टाकून देतो."

"आन् त्यातला एखादा ऱ्हायला तर?"

"कोणता राहील?"

काकासाहेबांनी मोबाइल खिशात घातला आणि उठले.

त्या दिवशी गुरुवार होता. छावणीचा बाजार. पाच वर्षांत त्यांचा एक गुरुवार चुकला नव्हता. पिशवीभर कांदे-बटाटे आणायला कुणी शेंद्र्याहून अख्खं शहर ओलांडून छावणीत जातं का? पण सोनिया तिकडंच कुठंतरी राहते, एवढं कुणाच्या तरी बोलण्यातून कानावर आलं होतं. गल्ली माहीत नाही, घर माहीत नाही. बाजारात दोन तास हिंडायचं, प्रत्येक उंच पाठमोऱ्या बाईकडं बघायचं आणि कांदे घेऊन घरी यायचं. मनकर्णाबाई ते कांदे मुकाट्यानं टोपलीत ओतायच्या. त्याही कधी विचारत नव्हत्या.

रविवारी दुपारी कृष्णा फोनवर म्हणाला, "आप्पा, आईचा फोन लावून बघा ना एकदा. म्हणजे दोष कशात आहे ते तरी कळेल." हे मात्र स्टोअरकीपरच्या डोक्यात लगेच बसलं. मनकर्णाबाई शेजारी कुरडया घालायला गेल्या होत्या आणि त्यांचा मोबाइल फळीवर चार्जिंगला होता. काकासाहेब तो घेऊन अंगणातल्या गाडीत जाऊन बसले. आकडे आले, मान्य. नावं वाचू का, वाच बाबा. चकरी दोनदा फिरली, आणि दहा दिवस ज्यानं छळलं तो पडदा निमूट सरळ झाला. मनकर्णाबाईंचे सगळे फोन ओळीनं समोर उभे राहिले.

गिरणी. गिरणी. कृष्णा. गिरणी. गिरणी. गिरणी.

काकासाहेबांनी चष्मा पुसला. रोज दुपारी अडीचच्या सुमाराला, म्हणजे ते झोपलेले असताना, मनकर्णाबाई गिरणीशी बोलत होत्या. एकदा वीस मिनिटं. एकदा सत्तेचाळीस. आणि गिरणीवाले तर एवढे तुसडे की पीठ झालं का म्हणून विचारलं तरी नीट बोलत नाहीत. त्यांच्याशी सत्तेचाळीस मिनिटं बोलायचं काय? पण काल गहू टाकले होतेच. म्हटलं विचारून बघावं, तेवढीच गाडीची परीक्षा. त्यांनी 'गिरणी'वर बोट ठेवलं.

"हां, बोल आई."

आवाज चारी दारांतून आला. समोरून, पाठीमागून, डोक्याच्या मागून. काकासाहेबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, ते तिथंच राहिले.

"आई? आज लवकर केलास?" मग आवाज एकदम हळू झाला. "आप्पा जवळ हायेत का? बरं, मग तू बोलू नको. नेहमीसारखं नुसतं हूं म्हण."

नेहमीसारखं. म्हणजे कधी आपण जागे असलो, शेजारी बसून पेपर वाचत असलो, तरीही बायको गिरणीला हूं हूं करत होती. राग यायला पाहिजे होता. काकासाहेबांनी तो शोधलाही, पण सापडला नाही. घशातून कसातरी आवाज काढून ते म्हणाले, "हूं."

"गुडघ्याचं काय म्हणतंय त्यांचं? तेल लावतेस ना?"

"हूं."

"त्यांना म्हणावं गच्चीवर जाऊ नका. म्हणजे तू म्हण, तुझ्याकडून." ती जराशी हसली. ते हसणं अजून तसंच होतं, मध्येच तुटणारं. "आई, तुला सांगितलं नाही, गुरुवारी दिसले मला. बाजाराजवळ सिग्नलला. मी मागं रिक्षात होते. त्या पडद्यावर सारखं काहीतरी दाबत होते. सिग्नल सुटला, मागचे सगळे हॉर्न वाजवतायत आणि ह्यांना पत्ताच नाही. मानेवरचे केस सगळे पांढरे झालेत गं. मी एक पाय खाली ठेवला होता. पण म्हटलं, नको. बोलायचं नाही म्हणालेत ना."

काकासाहेबांचा एक हात आपसूक मानेवर गेला.

"मला एक सांग. रिक्षावाला म्हणाला, हे काका दर गुरुवारी दिसतात. दर गुरुवारी इकडं कशाला येतात ते? छावणीत त्यांचं कोण हाये?"

ह्या प्रश्नाला हूं म्हणून भागणार नव्हतं. समोर अंगण होतं, नळ होता, दोरीवर धोतर वाळत होतं. काकासाहेब त्या धोतराकडं बघून बोलले.

"तू हायेस की."

पलीकडं काहीच आवाज नाही. इतका वेळ नाही की त्यांना वाटलं, सुटलं. आता नेमकं सुटलं ह्या मेल्या यंत्राचं. आणि मग चारी दारांतून रडणं ऐकू आलं.

तेवढ्यात मनकर्णाबाई फाटकातून आत आल्या, कोपरापर्यंत हात कुरडयांच्या चिकानं बरबटलेले. गाडीतून लेकीचं रडणं अंगणभर पसरलेलं, आणि नवरा आत बसलेला. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "आवो, मी सांगणारच व्हते..."

"बस," काकासाहेब म्हणाले.

"हात तरी धुते."

"फोन तुटंल. बस म्हणतो ना."

त्यांनी आतून दार ढकललं. मनकर्णाबाई दोन्ही हात वर धरून बसल्या. गाडी निघाली. सोनिया म्हणाली, "आप्पा, मी ठेवते. तुम्ही गाडी चालवा." काकासाहेब म्हणाले, "ठेवू नको. लागायला धा दिवस लागलेत. परत लागंल न लागंल. घर कुठं ते सांग."

जालना रोडला ऊन मरणाचं होतं. पाच वर्षांत साठलेलं कुणीच काही बोललं नाही. मध्येच ती विचारायची, कुठं आलात? हे सांगायचे, चिकलठाणा. मग परत, कुठं आलात? मोंढा नाका. हळू या. हळूच हाये. एकदा पाठीमागं कुणाचा तरी आवाज आला, "पाणी पी आधी," आणि सोनिया म्हणाली, "संघपाल आहेत." काकासाहेब म्हणाले, "त्यांना म्हणावं, मी येतोय. त्यांनी दार लावून घेतलं तरी माझं काय म्हणणं नाय." पलीकडून उत्तर आलं, "दार उघडंच आहे." मनकर्णाबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. डोळे पुसायची सोय नव्हती, हातावरचा चीक वाळून पांढरा झाला होता.

छावणीत शिरल्यावर तिनं गल्ली सांगितली. ह्या गल्लीवरून काकासाहेब किती गुरुवार कांद्यांची पिशवी घेऊन गेले असतील त्याचा नेम नाही. तिसऱ्या घरापुढं ती उभी होती, मोबाइल कानाला लावून. बारीक झालेली. शेजारी संघपाल उभा होता. काकासाहेबांनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

ती खिडकीशी आली. ओठ हलले, आणि आवाज गाडीतून आला. "आप्पा, काच खाली घ्या."

त्यांनी काच खाली घेतली. आता तिचा आवाज बाहेरूनही येत होता आणि गाडीतूनही, एक पुढं, एक किंचित मागं. तिनं आत हात घालून त्यांच्या दंडाला धरलं.

"आप्पा, ठेवू का आता फोन?"

"ऱ्हाऊ दे," काकासाहेब म्हणाले. "आजून जरा ऱ्हाऊ दे."